ऐंशीवरचा थर

१

"अक्षर माझंच आहे, मावशी. पण हे मी लिहिलेलं नाही."

चारुताने फोन पद्मिनीच्या हातात दिला आणि गाडी सुरू न करताच स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार, रिनोच्या विमानतळाचं पार्किंग, सकाळचे अकरा. पद्मिनी नुकतीच डेट्रॉइटहून येऊन पोचली होती. ॲन आर्बरच्या एका इस्पितळात छत्तीस वर्षं तिने सूक्ष्मदर्शकाखाली लोकांच्या गाठी पाहिल्या होत्या. कुठली साधी, कुठली जीवघेणी, ते सांगितलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी समोर काही आलं की आधी कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा आणि मगच तोंड उघडायचं. तो आताही आला.

फोनवर एका पिवळ्या वहीच्या पानाचा फोटो होता. ठसठशीत इंग्रजी कॅपिटल अक्षरं, पट्टी लावल्यासारख्या ओळी, सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ.

"मंगळवार. रेव्हन बाउल, उत्तरेचा उतार. हवा उणे सात. एकूण बर्फ शंभर. कच्चा थर ऐंशी, दाणे सुटे, साखरेसारखे," पद्मिनीने वाचलं. "आणि चाचणीच्या पुढे काहीच नाही. बरं, मग?"

मग चारुताने सगळं सांगितलं. ती आसावरीची, म्हणजे पद्मिनीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय चौतीस. सिएराच्या डोंगरात हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या एका छोट्या केंद्रात ती नोकरी करत होती. स्कीवर चढून उतारांवर जायचं, बर्फात खड्डा खणायचा, थर वाचायचे आणि लोकांना सांगायचं की आज कुठला उतार कोसळू शकतो. मंगळवारी तिला एकशे दोन ताप होता. बुधवारी पहाटे तिचा सहकारी विक्रम तिच्या घरून तिची नोंदवही घेऊन गेला आणि त्यातलं हे पान त्याने चारुताच्या नावाने कॉम्प्युटरवर चढवलं. त्या आकड्यांवरून रेव्हन बाउलचा, म्हणजे त्या वाटीसारख्या खोलगट उताराचा, धोका 'मध्यम' ठरला. गुरुवारी जेना नावाची एक नर्स नवऱ्याबरोबर तिथे स्कीइंगला गेली आणि अख्खा उतार तिच्या अंगावर आला. नवऱ्याने नऊ मिनिटांत उकरून काढली म्हणून वाचली. पाय दोन ठिकाणी मोडला.

"आमची डायरेक्टर डेना म्हणते, मी बेडमध्ये पडून पान भरलं. न खणता. मावशी, आमच्या लाइनमध्ये यापेक्षा मोठं पाप नाहीये. मंडेला टेन ओ'क्लॉक ती डिसाइड करणार. जॉब जाईल ते जाईल. पण परत कोणी माझ्या शब्दावर डोंगरात पाय ठेवणार नाही."

"श्रीरामना माहीत आहे?"

"बाबाला? नो वे. बायपासला आठ महिने नाही झाले. आईची स्ट्रिक्ट ऑर्डर आहे, घरात एक शब्द काढायचा नाही. वायफायसुद्धा बंद आहे, म्हणजे राउटर मी काढून ठेवलाय."

पद्मिनीने पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं. "चारू, खरं सांग. तापात उठून लिहिलं असशील?"

चारुताच्या डोळ्यांत पाणी आलं. "तेच तर आहे ना. मला ट्यूजडे आठवतच नाहीये."

२

डोंगरातलं ते लाकडी घर चारुताचं. तिचे आईबाबा दर थँक्सगिव्हिंगला सांता क्लाराहून आठवडाभर तिथे येत, आणि येताना निम्मं स्वयंपाकघर बरोबर आणत. फडताळात डब्यांची रांग होती आणि प्रत्येकावर श्रीरामांनी स्वहस्ते लावलेली पट्टी: धणे, जिरे, गोडा मसाला, दळल्याची तारीख. अक्षर छापल्यासारखं. श्रीराम देवधर चाळीस वर्षं मातीचे इंजिनिअर. धरणाच्या पायाखाली काय आहे ते खणून पाहायचं, हेच त्यांचं आयुष्य. मिठाच्या डब्यावरही तारीख लावणारा माणूस, पण जेवलेलं ताट उचलायचं म्हटलं की त्यांना धरणाचं काहीतरी आठवायचं.

जेवायला वरणभात होता. पद्मिनीने पाहिलं, तर श्रीराम चमच्याने भात खात होते.

"काय हो श्रीरामराव, चमचा? मागच्या खेपेला माझ्या मुलाला तुम्ही म्हणालात, वरणभात चमच्याने खाणं म्हणजे पावसात छत्री लावून आंघोळ करणं!"

"वय झालं, ताई," श्रीराम म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस एरवी वयाचं नाव काढलं की भडकायचा. त्यांच्या नाकाचा शेंडा सोललेला होता. विचारलं तर म्हणाले, बाहेरच्या लाकडी डेकवर ऊन खात बसलो होतो.

मग नेहमीची गोष्ट निघाली. ती निघाल्याशिवाय देवधरांकडे ताक वाढलं जात नसे. खानदेशातलं धरण, तिथला खड्डा, कंत्राटदार म्हणतोय पाया पक्का, आणि तरुण श्रीराम म्हणतायत अजून खणा. "आणि बरोबर अठरा फुटांवर पिवळी चिकणमाती लागली! बारा फुटांवर थांबलो असतो तर आज खालची चार गावं नसती. जमीन खोटं बोलत नाही, ताई. बर्फ काय, आज आहे उद्या पाणी. ते कसलं शास्त्र!"

चारुता उठून बेसिनपाशी गेली. इंजिनिअरिंगची पीएचडी अर्धी सोडून ती या नोकरीत आली, त्याला दहा वर्षं झाली होती, आणि दहा वर्षं हे वाक्य तिच्या ताटात लोणच्यासारखं वाढलं जात होतं. पद्मिनीला तिची फार दया आली आणि मेहुण्यांचा रागही आला.

दुपारी श्रीराम आडवे झाल्यावर तिने बहिणीला स्वयंपाकघरात गाठलं. आसावरी भांडी विसळत होती.

"खरं सांगू, ताई? गेली नोकरी तर गेली. सांता क्लाराला येऊन राहील. रोज सकाळी ती डोंगरात गेली की मी इकडे देव पाण्यात घालून बसते. पण हे असं चोर ठरवून काढणं..." तिने नळ बंद केला. "माझी मुलगी खोटं लिहिणार नाही."

"मंगळवारी तू कुठे होतीस?"

"रिनोला. इंडियन स्टोअरमध्ये. जाऊन येऊन पाच तास गेले, वाटेत बर्फासाठी टायरांना चेन लावायला थांबावं लागलं. हे होते तिच्यापाशी." आसावरीने आवाज उतरवला. "एक सांगू? मी परत आले तर दारातली फरशी चकचकीत पुसलेली. चारू तापाने फणफणलेली, आणि हे... तू ओळखतेस यांना. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, फडकं कुठे असतं हे यांना अजून माहीत नाही. मग सांग, फरशी पुसली कोणी? त्या विक्रमकडे घराची किल्ली असते."

३

विक्रम केंद्राच्या गॅरेजमध्ये भेटला. सॅन होजेत वाढलेला, उंच, तीन दिवस झोपला नसावा असे डोळे. केंद्रात पर्मनंट जागा एकच होती. ती त्याला किंवा चारुताला मिळणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"आय नो हाउ इट लुक्स, आंटी," तो म्हणाला. मग आपल्याला मराठी येतं हे आठवून त्याने तेही वापरलं. "ट्यूजडेला मी साउथ साइडला होतो, दोन व्हॉलंटियर्स बरोबर होते. विचारा त्यांना. वेन्सडेला पाच वाजता मी वही उचलली. रात्रीच तिने टेक्स्ट केलं होतं की वही किचन टेबलवर आहे, घेऊन जा. मला वाटलं ताप असूनही गेली असणार. शी इज लाइक दॅट."

"तुला काही खटकलं नाही?"

"खटकलं ना! मंडेला ती मला म्हणाली होती, व्हिक, मला तळाची भीती वाटते." त्याने जमिनीकडे बोट केलं. ऑक्टोबरात थोडा बर्फ पडला होता, त्याने समजावलं. सावलीतल्या उतारांवर तो महिनाभर उघड्या थंडीत तसाच राहिला आणि साखरेसारखा सुटा, दाणेदार झाला. त्यावर गेल्या शनिवारी-रविवारी वादळात भरपूर जड बर्फ पडला. "साखरेवर फरशी बसवल्यासारखं. तळ खरंच कच्चा असेल तर एक माणूससुद्धा सगळं खाली आणू शकतो. तिला ते चेक करायचं होतं, सुट्टीची गर्दी यायच्या आधी. मग तिचंच पान आलं, की कच्चा थर वरच आहे, नव्या बर्फात. तो दोन दिवसांत आपोआप बसतो. मी म्हटलं, चला, तळ ओके आहे."

त्याने डोळे चोळले. "माझा माझ्या डोळ्यांवर जेवढा विश्वास नाही तेवढा तिच्या वहीवर आहे. म्हणून मी मध्यम लावला."

प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून इतकी निर्मळ कबुली पद्मिनीने फार वर्षांत ऐकली नव्हती. पोरगं मनाचं स्वच्छ आहे, तिने मनातल्या मनात नोंद केली.

डेना साठीची होती, चेहरा उन्हावाऱ्याने रापलेला. बोलण्यात राग नव्हता, दुःख होतं. "माझ्या तीस वर्षांत चारुतासारखा वाचणारा डोळा मी पाहिला नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "म्हणून तर जास्त लागतंय. हे बघ." तिने फोटो पुढे केले. उताराच्या माथ्यावर बर्फ सुरीने कापल्यासारखा तुटला होता. "ऐंशी सेंटिमीटर जाडीची लादी. थेट तळापासून सुटली. आणि तिच्या पानावर चाचणीचा, म्हणजे किती ठोक्यांत थर सुटतो त्याचा, निकालच नाही. चारुता चाचणी कधीच सोडत नाही. याचा अर्थ खड्डा खणलाच नाही."

पद्मिनी एकेक फोटो सरकवत होती. एकावर तिचं बोट थांबलं. बाउलच्या खालच्या कडेला, झाडांपाशी, बर्फात एक काळा चौकोन दिसत होता. भोवती चार काड्या.

"हे काय आहे?"

डेनाने चष्मा लावला, फोटो मोठा केला.

"खड्डा," ती म्हणाली. "पण आमच्यापैकी कोणी खड्डा उघडा सोडत नाही. कुणी स्कीवरून येऊन त्यात पडेल म्हणून आम्ही तो बुजवूनच निघतो. हा कोणी खणला?"

४

शनिवारी सकाळी डेनाच्या परवानगीने मावशी-भाची तिथे गेल्या. जागा चारुतानेच नकाशावर लाल गोल करून ठरवलेली होती. कोसळणाऱ्या उतारापासून दूर, झाडांच्या आडोशाला, रस्त्यापासून पाऊण तास सपाटीची चाल. अडुसष्टाव्या वर्षी पायांना बर्फात चालायचे रुंद स्नोशू बांधून पद्मिनी बदकासारखी चालत होती आणि स्वतःच हसत होती.

खड्डा होता. आत गुरुवारनंतरचा भुरभुर बर्फ साचलेला, पण भिंती ओळंब्यात धरल्यासारख्या सरळ. एका बाजूला उतरायला पायरी कापलेली. काढलेला बर्फ काठावर नव्हता, चांगला तीन फूट लांब रचून ठेवलेला होता. चार कोपऱ्यांना चार काटक्या रोवून त्यांना सुतळी गुंडाळलेली.

"स्ट्रेंज," चारुता म्हणाली. "आम्ही बर्फ शेजारीच टाकतो. लगेच परत भरायचा असतो ना. आणि ही सुतळी कशाला?"

"तू तुझा खण," पद्मिनी म्हणाली. "मला बघायचंय."

चारुताने फावडं जोडलं आणि थोड्या अंतरावर कामाला लागली. आजारपणातून उठलेली ती मरगळलेली मुलगी कुठल्या कुठे गेली. सावलीत राहील अशीच भिंत तिने निवडली. फावड्याच्या पात्याने ती तासून गुळगुळीत केली. मग हातमोजा काढून वरपासून खालपर्यंत भिंतीत बोटं दाबत गेली. आधी मूठ, मग चार बोटं, मग एक. डोळे मिटलेले. आपली भाची बोटांनी वाचते आहे, हे पद्मिनी पाहत होती. छत्तीस वर्षं तिने स्वतः हेच तर केलं होतं, पातळ काप घेऊन थर वाचणं. पण तिच्या खोलीला हीटर होता आणि चुकलं तर दुसरं मत घ्यायला शेजारी माणूस होता. ही पोर एकटी, उणे सात अंशांत, अनोळखी माणसांच्या जिवासाठी गुडघ्यांवर बसते. आणि घरी हिला ऐकवतात, ते कसलं शास्त्र!

"हा बघ." चारुताने तळाजवळून चिमूटभर बर्फ पद्मिनीच्या हातमोज्यावर ठेवला. खडीसाखरेचे बारीक दाणे. फुंकर मारली तर उडून गेले. तिने भिंतीला घडीची पट्टी उभी लावली. "साखर इथपर्यंत. वीसवर."

पद्मिनीने खाली वाकून पाहिलं. पट्टीचा शून्य जमिनीला टेकला होता.

"शून्य खाली का गं?"

"कारण जमीन हलत नाही, मावशी. वरचा बर्फ रोज बसतो, नवीन पडतो. बघ ना, पानावर ट्यूजडेला टोटल शंभर होता, आज शहाण्णव. पण साखर जमिनीपासून वीसवर, ती वीसवरच राहणार. आमच्याकडे सगळे खालूनच मोजतात. पहिल्या दिवशी शिकवतात, मग कोणी बोलतसुद्धा नाही."

मग कोणी बोलतसुद्धा नाही. पद्मिनी सरळ उभी राहिली. तिच्या प्रयोगशाळेत शल्यविशारदाकडून मांसाचा तुकडा आला की सगळ्यात आधी त्याच्या एका कडेला शाई लावत. वरची बाजू कुठली हे नंतर कोणाला सांगता येत नाही म्हणून. शाई विसरली तर तुकडा खरा, निदान मात्र उलटं.

"डेनाची ती लादी किती जाडीची होती?"

"एटी सेंटिमीटर."

"आणि पानावर कच्चा थर?"

"एटी, पण तो..." चारुताचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

"तापात अंथरुणावर पडून खोटं लिहिणाऱ्याला इतका नेमका आकडा सुचेल का? शंभरातून ऐंशी वजा कर." पद्मिनीने सुतळी बांधलेल्या खड्ड्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून हसली. "पान खोटं नाही, चारू. पान उलटं आहे. आणि ते कोणी लिहिलं हे मला कालच्या जेवणाच्या ताटावरच कळायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

५

रविवारी दुपारी पद्मिनीने डेना आणि विक्रम दोघांना जेवायला बोलावलं. आसावरी दारातच तिच्या कानाशी लागली. "ताई, ह्यांच्यासमोर काही काढलंस तर बघ हं. काही झालं म्हणजे?"

"काही होणार नाही. डॉक्टर मी आहे."

पुऱ्या संपल्यावर पद्मिनीने पान छापलेला कागद टेबलाच्या मधोमध ठेवला आणि डेनाला समजावं म्हणून इंग्रजीतच सुरुवात केली. रेव्हन बाउल, गुरुवार, जेनाचा पाय, सोमवारची दहाची वेळ. एकेक गोष्ट ती सांगत गेली तशी आसावरी तोंडाला पदर लावून नवऱ्याच्या छातीकडे बघत राहिली. श्रीरामांचा चमचा ताटात खाली गेला.

"मंगळवारी खड्डा खणला गेला," पद्मिनी म्हणाली. "पण खणणारा बर्फाचा माणूस नव्हता. बर्फाचे लोक खड्डा बुजवतात. याने सुतळीचं कुंपण घातलं, कारण मातीचा खड्डा दुसऱ्या दिवशी साहेबाला दाखवायचा असतो. काढलेला बर्फ काठापासून तीन फूट दूर टाकला, कारण मातीत तसं नाही केलं तर भिंत ढासळते. चाचणी लिहिली नाही, कारण ती कशी करतात हे माहीत नव्हतं, आणि जे केलं नाही ते लिहायचं नाही इतका तो प्रामाणिक आहे. कच्चा थर मात्र सेंटिमीटरपर्यंत अचूक सापडला. फक्त मोजला वरून. मातीत वरूनच मोजतात. 'अठरा फुटांवर पिवळी चिकणमाती लागली,' म्हणजे अठरा फूट खाली. ही गोष्ट मी शुक्रवारी ऐकली आणि ताक पिऊन विसरले."

पद्मिनीने कागदावरच्या सातच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"अक्षर चारुताचं, कारण तिला अक्षरं गिरवायला शिकवणारा हात तोच आहे. सातची रेघसुद्धा. हवं तर जिऱ्याचा डबा बघा. नाक उन्हाने सोललंय, पण डेकवर दिवसभर सावली असते. आणि ज्या माणसाने आयुष्यात फडकं धरलं नाही त्याने बुटांचं पाणी निपटून फरशी पुसली, बायकोला कळू नये म्हणून." तिने हात पुढे केला. "श्रीराम, तळहात दाखवा."

श्रीरामांनी हळूच हात उघडला. बोटांच्या मुळाशी चार फोड, दोन फुटलेले.

"अहो!" आसावरी ओरडली. "बायपास झालेल्या माणसाने—"

"डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय. किती ते कुठे सांगितलंय?" श्रीराम पुटपुटले, पण त्यांचं लक्ष कागदावर होतं. "विक्रम, ऐंशी म्हणजे तुम्ही... जमिनीपासून ऐंशी समजलात?"

"यस, अंकल."

"मी धोका आहे म्हणून लिहिलं होतं. तळ कच्चा आहे, म्हणून." त्यांचा आवाज खोल गेला. "म्हणजे त्या बाईचा पाय माझ्या आकड्याने मोडला."

चारुता उठून त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली. "बाबा, तू का गेलास?"

"तू तापात एकच धोशा लावला होतास. तळ बघायला हवा, गुरुवारी लोक येतील. शंभर वेळा. मी म्हटलं, खड्डाच खणायचाय ना, तो मला येतो. नकाशावर तुझा गोल होताच. आदल्या पानावर बघून मथळे उतरवले. रात्री तुला म्हटलं, वही टेबलावर आहे, विक्रमला कळव." त्यांनी कागद बाजूला सारला. "रोज सकाळी तुझं बुलेटिन वाचतो मी. तीन वर्षं झाली. छापून फाइलला लावतो. बुधवारी 'मध्यम' वाचलं, तरी म्हटलं, बर्फातलं तुम्हालाच जास्त कळतं."

दहा वर्षांची लोणच्याची फोड त्या एका वाक्याने विरघळली. चारुताने विचारलं, "मग खाली स्वतःचं नाव का नाही टाकलंस?"

श्रीरामांनी तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं, जणू काही तिने अगदीच बाळबोध प्रश्न विचारला होता.

"साइटवर खड्डा मदतनीस खणतो, नोंद मदतनीस करतो. पण वही असते इंजिनिअर-इन-चार्जची. मदतनीस कधी सही करतो का?"

विक्रमने हे डेनाच्या कानात इंग्रजीत सांगितलं. डेना उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि श्रीरामांचा फोड आलेला हात तिने दोन्ही हातांत अलगद धरला. "तीन दिवस मी तो ऐंशी रोज पाहत होते," ती म्हणाली. "लादीवरही ऐंशी, पानावरही ऐंशी. आणि मला दिसला नाही. सवय झाली की डोळ्यांवर झापड येते. चूक तुमच्या एकट्याची नाही."

पण श्रीरामांनी मान हलवली. जेवणावरून उठून ते तडक कोट घालायला गेले. जेनाला भेटल्याशिवाय आपल्याला पाणी गोड लागणार नाही म्हणाले. चारुताने गाडी काढली. इस्पितळात त्यांनी जेनाला सगळं जसं घडलं तसं तोंडावर सांगितलं. तिने प्लास्टरमधल्या पायाकडे पाहिलं, मग यांच्याकडे. मला अजून राग आहे, ती म्हणाली, पण सत्य सांगायला स्वतः आलात हे मी विसरणार नाही.

६

सोमवारी दहाला डेनाच्या खोलीत सगळे जमले. चौकशीचा कागद तिने सकाळीच पुरा केला होता. चारुतावर ठपका नव्हता. गेल्या सोमवारचा तिचा अंदाज बरोबर होता आणि मंगळवारचा खड्डा खरा होता. बोल होता तो केंद्राच्या पद्धतीवर. दुसऱ्याच्या वहीतलं पान त्याला न विचारता यापुढे चढवायचं नाही. आणि प्रत्येक पानावर बाण काढायचा, शून्य खाली की वर. ही कल्पना पद्मिनीची. "शाई लावा म्हणजे झालं," ती म्हणाली.

"एक राहिलं," डेना म्हणाली. "मंगळवारच्या पानावर खणणाऱ्याचं नाव नाही. ते लागेल."

चारुताने पिवळी वही उघडली. तारखेच्या खाली तिने बाण काढला, ऐंशी खोडून वीस केलं, त्यावर आपली सही केली. मग वही आणि पेन वडिलांपुढे सरकवलं.

"कर साइन."

"अगं, म्हटलं ना, मदतनीस सही—"

"माझ्या साइटवर करतो," चारुता म्हणाली. "इंजिनिअर-इन-चार्जची ऑर्डर आहे, बाबा."

श्रीरामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पेन हातात घेतलं. पद्मिनी त्यांच्या खांद्यावरून बघत होती, म्हणून तिला दिसलं. आयुष्यभर धरणांच्या नकाशांवर, मुलीच्या पाटीवर, जिऱ्याच्या डब्यावर जे अक्षर एकदाही ओळ सोडून गेलं नव्हतं, ते आज, स्वतःचंच नाव लिहिताना, वाकडं आलं.